टायरवरचे आकडे वाचूया : लांबच्या आणि कच्च्या रस्त्यावरच्या बाईक प्रवासाची तयारी



परिसर अभ्यासात ‘वाहतूक’ हा घटक आपण सगळेच शिकवतो. बैलगाडी, एसटी, रेल्वे, जहाज, विमान अशी चित्रं वहीत चिकटवली, जलमार्ग-लोहमार्ग-हवाईमार्ग पाठ झाले की घटक संपतो. पण शीव कोळीवाड्यातल्या माझ्या वर्गात मी विचारलं, “तुम्ही सगळ्यात जास्त कशावर बसता?” तर बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर आले : बाईक. बाबांची बाईक, काकाची बाईक, दादाने हप्त्यावर घेतलेली नवी बाईक. आणि या वाहनाबद्दल पुस्तकात जेमतेम एक चित्र असतं.

दुसरी गोष्ट. मे महिना आणि गणपती जवळ आले की शाळेच्या दारात पालकांचं एक वाक्य हमखास ऐकू येतं : “बाई, यंदा गाडीची तिकिटं मिळाली नाहीत, बाईकनेच जाऊ गावाला.” घरात एखादा तरुण दादा असेल तर त्याच्या डोक्यात लडाख असतं, नाहीतर भंडारदऱ्याचा कच्चा रस्ता. जायला माझी ना नाही. पण हा प्रवास ज्या दोन टायरांवर होणार आहे, ते किती जुने आहेत, त्यात हवा किती हवी, त्यांवर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ काय, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून हा लेख. वर्गात शिकवता येईल अशा पद्धतीने लिहिला आहे, आणि घरी पालकांनाही तो उपयोगी पडेल. यातलं गणित चौथी-पाचवीपासून पुढे कुठल्याही इयत्तेला जमेल तसं कमीजास्त करून घ्या.

१) बाईकचे प्रकार : कोणती कशासाठी?

रोजच्या वापराची बाईक शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी बनवलेली असते. वजनाला हलकी, चाकं मध्यम, जमिनीपासून उंची बेताची.

टूरिंग बाईक म्हणजे लांबच्या पक्क्या रस्त्याची गाडी. सीट रुंद, पाठ सरळ राहील असं बसणं, पेट्रोलची टाकी मोठी, मागे सामान बांधायची सोय. हिचा भर आरामावर आणि अंतरावर असतो.

अ‍ॅडव्हेंचर बाईक दोन्हीकडे चालते, डांबरावर आणि मातीतही. हिला ओळखायच्या तीन खुणा मुलांना सांगा : पुढचं चाक मोठं, पोट जमिनीपासून उंच, आणि शॉकअब्सॉर्बर जास्त दबणारे. रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ २०१६ मध्ये आली, हिरोची ‘एक्सपल्स २००’ २०१९ मध्ये. दोन्हींच्या पोटाखाली साधारण २२० मिलिमीटर मोकळी जागा आहे. फूटपट्टी उभी धरून मुलांना २२ सेंटिमीटर दाखवा, मग शाळेबाहेर उभ्या असलेल्या साध्या बाईकखाली तीच पट्टी धरा. फरक लगेच दिसतो. केटीएमची ‘३९० अ‍ॅडव्हेंचर’ तर आपल्या पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होते. महाराष्ट्राच्या उद्योगांचा धडा शिकवताना हे उदाहरण मुलांना आवडतं.

चौथा प्रकार डर्ट बाईकचा. ती फक्त माती आणि शर्यतीसाठी. रस्त्यावर चालवण्यासाठी ती नसते.

पालकांनी यातून एवढंच लक्षात घ्यायचं : गावच्या पक्क्या रस्त्याने जायला महागडी अ‍ॅडव्हेंचर बाईक लागत नाही. आणि साध्या बाईकला खोल वाळूत किंवा दगडगोट्यांत घातलं तर ती तिथे अडणारच. गाडी बघून रस्ता निवडावा.

२) टायरवर काय लिहिलंय?

टायरच्या बाजूला इंग्रजीत आकडे आणि अक्षरं उठवलेली असतात. पहिल्या ‘हिमालयन’च्या पुढच्या टायरचा आकार होता ९०/९०-२१ आणि मागच्याचा १२०/९०-१७. हे कसं वाचायचं?

• पहिला आकडा : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. म्हणजे पुढचा टायर ९० मिलिमीटर रुंद.
• दुसरा आकडा : टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. ९० चे ९० टक्के म्हणजे ८१ मिलिमीटर.
• तिसरा आकडा : रिमचा व्यास, इंचांत. २१ इंच.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! मापन आणि शेकडेवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

आता चाकाचा पूर्ण व्यास काढू. १ इंच = २५.४ मिलिमीटर. म्हणून २१ इंच = ५३३.४ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशी दोन्हीकडची टायरची उंची मिळवायची : ८१ + ८१ = १६२. एकूण व्यास ६९५.४ मिलिमीटर. त्याला ३.१४ ने गुणलं की परीघ येतो साधारण २१८४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २.१८ मीटर. चाक एकदा फिरलं की गाडी एवढी पुढे जाते. मग एका किलोमीटरला किती फेरे? १००० ÷ २.१८ = सुमारे ४५८.

हेच मागच्या चाकासाठी केलं तर व्यास ६४७.८ मिलिमीटर येतो आणि किलोमीटरला सुमारे ४९२ फेरे. स्कूटरला ९०/१००-१० हा टायर बऱ्याचदा असतो. त्याचा व्यास ४३४ मिलिमीटर, आणि किलोमीटरला जवळजवळ ७३४ फेरे. म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी स्कूटरचं चाक दीडपटीहून जास्त फिरतं.

आकारानंतर आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. उदा. ५४ एच. हा ५४ आकडा वजनाचा सांकेतिक क्रमांक आहे. ५४ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त २१२ किलो पेलतो. ६४ असेल तर २८० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं : ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर, ‘एस’ म्हणजे १८०, ‘एच’ म्हणजे २१०. मुलं इथे हमखास विचारतात, “म्हणजे २१० ने चालवायची?” उत्तर स्पष्ट द्या : टायर तेवढ्या वेगाला टिकतो. रस्ता आणि माणूस टिकतीलच असं नाही.

३) मोठं चाक खड्ड्यात कमी का पडतं?

ही कृती वर्गात पाच मिनिटांत होते. सारख्या जाडीच्या दोन पुस्तकांमध्ये चार बोटांची फट ठेवा. त्या फटीवर आधी एक बांगडी उभी धरा, मग जेवणाचं ताट उभं धरा. बांगडी फटीत बरीच खाली जाते, ताट जेमतेम टेकतं. खड्डा तोच, चाक बदललं की धक्का बदलला.

मोठ्या मुलांना पायथागोरसचं प्रमेय वापरून आकडे काढायला लावा. खड्डा ३० सेंटिमीटर लांब असेल तर वरचं २१ इंची रिमवालं चाक त्यात सुमारे ३.४ सेंटिमीटर उतरतं. स्कूटरचं छोटं चाक त्याच खड्ड्यात सुमारे ६ सेंटिमीटर उतरतं. अ‍ॅडव्हेंचर बाईकला पुढचं चाक मोठं का देतात, हे यावरून कळतं. आणि पावसाळ्यात खड्डे चुकवत स्कूटर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी वेग का कमी ठेवायचा, तेही कळतं.

४) हवा किती? आणि मातीत ती कमी का करतात?

टायर जमिनीला टेकतो ती जागा किती असते, हे मुलांना आधी अंदाजाने सांगायला लावा. कोणी सांगतं “पाटाएवढी”, कोणी “वहीएवढी”. खरं तर एका टायरची टेकणारी जागा साधारण तळहाताएवढी असते. संपूर्ण गाडी, बाबा, आई आणि बॅग यांना रस्त्यावर धरून ठेवणारे असे दोन तळहात.

ढोबळ हिशेब करू. गाडी २०० किलो, माणसं आणि सामान १५० किलो, एकूण ३५० किलो. पंपावर आपण “अठ्ठावीस टाक” म्हणतो, म्हणजे २८ पीएसआय. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २ किलो. ३५० ला २ ने भागलं की १७५ चौरस सेंटिमीटर. दोन्ही टायर मिळून एवढी जागा टेकते. हवा २० पीएसआयवर आणली, तर दाब होतो सुमारे १.४ किलो आणि जागा होते २५० चौरस सेंटिमीटर. टायरची स्वतःची ताकदही काही भार उचलते, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील. पण नियम तोच : हवा कमी केली की टेकणारी जागा वाढते.

म्हणून वाळूत आणि मोकळ्या मातीत जाणकार लोक हवा थोडी कमी करतात. टायर रुतत नाही, दगडावर उसळत नाही. पण याची दुसरी बाजू पालकांनी नीट वाचावी :

• हवा कमी ठेवून डांबरी रस्त्यावर जोरात गेलं की टायर सारखा वाकतो, तापतो आणि फाटू शकतो.
• टोकदार दगडावर आपटला तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि पंक्चर होते.
• वळणावर गाडी डोलते.

त्यामुळे हातपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा कमी करायच्या भानगडीत पडूच नये. पुढच्या-मागच्या टायरची हवा किती, एकटं असताना किती, मागे माणूस असताना किती, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे निघायच्या आधी मोजायची.

ट्यूब की ट्यूबलेस? ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते, आणि रस्त्याच्या कडेला बसून पट्टी घालता येते. ट्यूबवाल्याची हवा पटकन जाते, चाक खोलावं लागतं. मग कच्च्या रस्त्याच्या अनेक बाईकना अजून ट्यूब का? कारण तारांचं चाक दणके चांगले सोसतं, पण साध्या तारांच्या रिमला तारांसाठी भोकं असतात, आणि त्यांतून हवा निसटते. म्हणून आत ट्यूब लागते. अशी गाडी असेल तर पुढची-मागची एकेक जादा ट्यूब आणि टायर खोलायची हत्यारं सोबत हवीत. निघण्याआधी घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे बसून एकदा स्वतःच्या हाताने चाक खोलून-लावून बघा. तासाभराची ही शिकवणी घाटात कामाला येते.

५) नक्षी आणि वय

टायरवरची नक्षी शोभेची नाही. डांबरी रस्त्याच्या टायरवर बारीक चर असतात. पाण्याला बाजूला जायला वाट मिळावी म्हणून. मातीच्या टायरवर मोठाल्या गोट्या असतात, त्या चिखलात रुततात आणि पकड घेतात. पण याच गोट्या ओल्या डांबरावर कमी टेकतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. म्हणून दुकानात ‘५०-५०’ किंवा ‘८०-२०’ असं ऐकू येतं : निम्मा रस्ता-निम्मी माती, किंवा बहुतेक रस्ता-थोडी माती. आपला प्रवास खरंच कसा आहे ते आधी मोजा. मुंबई ते कोकण जाऊन येण्यात कच्चा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटर असेल, तर गोट्यांचे टायर घेऊन उरलेले शेकडो किलोमीटर डांबरावर घसरत जाण्यात अर्थ नाही.

टायर किती झिजला हे कसं ओळखायचं? बाजूला छोटा बाण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी खूण असते. तिच्या सरळ रेषेत चरामध्ये एक लहानसा उंचवटा असतो. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की टायर बदलायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. पण पावसात लांब जायचं असेल तर तेवढी वेळ येऊ देऊ नका.

आणि वय? टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. उदा. २३१९. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात, जूनच्या सुरुवातीला तयार झाला. रबर वापरलं नाही तरी उन्हाने आणि हवेने कडक होतं, बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षं झालेला टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला नेऊ नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्या दादालोकांनी हे चार आकडे आधी बघावेत.

मी हा शोध गृहपाठ म्हणून दिला होता : “घरच्या गाडीच्या टायरची जन्मतारीख शोधून आणा.” दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी सांगत आली, “बाई, आमचा मागचा टायर माझ्याहून मोठा आहे!” वर्ग हसला. तिचे बाबा संध्याकाळी शाळेच्या दारात थांबले, म्हणाले, “बाई, येत्या आठवड्यात चिपळूणला निघायचं होतं. बदलून घेतो.” मला वाटतं, त्या दिवशी ‘वाहतूक’ हा घटक खऱ्या अर्थाने शिकवून झाला.

६) रबराची थोडी गोष्ट

विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट जोडता येते. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवल्यावर ते टिकाऊ होतं हे शोधून काढलं. हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं, पण ते विसरलं गेलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला, कारण दगडी रस्त्यावर पोराला हादरे बसत होते. आणि आपल्या मुंबईत १९५८ साली सिएट कंपनी सुरू झाली. तिचा भांडुपचा टायर कारखाना इथल्या कित्येक कामगार कुटुंबांना माहीत आहे.

७) नियोजन : नाखवा होडी काढतो तसं

कोळीवाड्यातल्या मुलांना ‘नियोजन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. होडी दर्यात न्यायच्या आधी नाखवा काय बघतो, एवढं विचारायचं. डिझेल, बर्फ, जाळी, भरती-ओहोटी, वारा, आणि परत कधी यायचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होडी बाहेर काढत नाहीत. बाईकचा लांब प्रवासही याच यादीने आखायचा : इंधन, सामान, हवामान, अंतर, उजेड आणि परतीची वेळ.

आधी बघा, आपल्याला कोणत्या रस्त्यावर प्रवेशच नाही. शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबईच्या जुन्या हद्दीवरच्या या आपल्या भागातून पूर्व द्रुतगती महामार्ग आणि शीव-पनवेल महामार्ग दोन्ही जवळ आहेत. पण पूर्व मुक्तमार्ग, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि मुंबईचा किनारी रस्ता यांवर मोटारसायकलला बंदी आहे. फोनवरचा नकाशा मोटारीसाठी लावलेला असेल तर तो थेट या रस्त्यांवर नेऊन सोडतो. दुचाकीचा पर्याय निवडा आणि आदल्या रात्री पूर्ण मार्ग एकदा वाचून काढा.

आता एक खरा मार्ग आखू. कोळीवाड्यातून वडाळ्यामार्गे भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात बाईक चढवता येते. पुढे मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. आगरदांड्याला जंगलजेटीने खाडी ओलांडून दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हवं तर दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून जेटीने वेश्वीला उतरून वेळास, केळशी, दापोली. हा मार्ग बऱ्याच अंशी अरुंद आणि वळणांचा, मध्येमध्ये खडीचा.

वेळेचं गणित असं :

• मांडवा ते आगरदांडा सुमारे ८० किलोमीटर. सरासरी वेग ताशी ३० धरा. वेळ २ तास ४० मिनिटं.
• वाटेत विश्रांती अर्धा तास.
• जेटीची वाट बघणं आणि ओलांडणं, १ तास.
• जेवण १ तास.
• दिघी ते हरिहरेश्वर सुमारे ६० किलोमीटर, २ तास.
• पुन्हा विश्रांती २० मिनिटं.

एकूण साडेसात तास. मांडव्याहून सकाळी ८ ला निघालो तर दुपारी साडेतीनला पोचतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे हाताशी अडीच तास शिल्लक. एखादं पंक्चर झालं, जेटी चुकली, तरी अंधाराच्या आत पोचू. मुलांना विचारा : ११ वाजता निघालो तर? तेव्हा साडेसहा वाजतील, काही बिघडलं तर अनोळखी घाटात अंधार. १४० किलोमीटर म्हणजे “तीन तासांत पोचू” असं म्हणणाऱ्या मोठ्यांना हे गणित मुलांनीच सोडवून दाखवावं.

पावसाळ्यात बोटींच्या वेळा बदलतात किंवा फेऱ्या बंद असतात. म्हणून प्रत्येक जेटीची त्या दिवसाची वेळ आधी विचारून घ्यायची, आणि जेटी बंद असेल तर कोणत्या रस्त्याने वळसा घ्यायचा तेही लिहून ठेवायचं.

पेट्रोलचं गणित : टाकी १३ लिटर आणि गाडी लिटरला ३५ देते, तर १३ × ३५ = ४५५ किलोमीटर. पण यातले दोन तृतीयांशच आपले समजायचे, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर. उरलेलं चुकलेल्या वाटेसाठी, चढासाठी आणि बंद पंपासाठी. कच्च्या रस्त्यावर कमी गिअरमध्ये गाडी पेट्रोल जास्त पिते, हे विसरू नका.

सामान : जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, हलक्या वर. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. तराजूचा धडा इथे उपयोगी पडतो. सोबत पंक्चरचं सामान, पंप, पाने, जादा क्लच केबल, फ्यूज, प्रथमोपचार पेटी, प्यायचं पाणी आणि कागदावर काढलेला नकाशा हवा. सह्याद्रीत फोनची रेंज जाते. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे नंबर मुलांना पाठ असलेच पाहिजेत.

मोठ्या प्रवासाचं एक मुंबईचं उदाहरण इतिहासाच्या तासाला जरूर सांगा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. आदी हाकिम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो १९२८ मध्ये पूर्ण केला. वाळवंटं आणि जंगलं पार करताना त्यांच्याकडे ना फोन होता, ना नकाशा बोलून दाखवणारं यंत्र. आणि आपल्या काळात, मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे या मराठी तरुणी नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या. “बाईक मुलांचीच असते” असं म्हणणारं कोणी वर्गात असेल तर हे उदाहरण पुरेसं आहे.

८) मूल सोबत असेल तर

हा भाग पालकांसाठी, आणि यात तडजोड नको.

• मोटारसायकलवर चालवणारा आणि मागे एकच, एवढ्यांनाच कायद्याने परवानगी आहे. आई-बाबा आणि मध्ये मूल हे तिघं होतात. लांबच्या प्रवासाला तर अजिबात नाही.
• चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसलेल्या मुलालाही. ते मुलाच्या मापाचं आणि आयएसआय शिक्क्याचं हवं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर फिरतं आणि पडताना निघून जातं.
• चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम जाहीर झाला आणि तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. मूल चालवणाऱ्याला बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलाला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नाही.
• टाकीवर पुढे मूल बसवणं बंद करा. ब्रेक लागला की मूल हँडलवर आपटतं आणि मागून मोठ्या माणसाचं वजन त्याच्यावर येतं.
• मुलाचे पाय फूटरेस्टला पोचत नसतील तर त्याला लांब नेऊ नका. मागे बसल्या बसल्या मूल झोपतं, आणि झोपलेल्या मुलाचे हात सुटतात.

तिकीट नाही म्हणून चौघांनी एका बाईकवर कोकण गाठायचा बेत असेल, तर वरचं वजनाचं आणि वेळेचं गणित एकदा घरात बसून करा. मूल आणि आई एसटीने, बाबा बाईकने, हा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. आणि खडीचा, वाळूचा रस्ता मुलाला मागे बसवून शिकायचा नसतो. आधी मोकळ्या गाडीने, सावकाश, जाणकार माणसासोबत शिकायचं.

९) कच्चा रस्ता कोणाचा?

‘ऑफरोड’ म्हटलं की रिकामी जमीन डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात अशी जमीन फार थोडी. कोणाचं तरी शेत असतं, गायरान असतं, देवराई असते. भंडारदऱ्याजवळचा बराच डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वाट सोडून गाडी घालता येत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात, ती चाकाखाली दिसतही नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवर प्राचीन कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. वरून बघणाऱ्याला तो नुसता मोकळा कातळ वाटतो. कासच्या पठारावरची फुलंही अशाच पातळ मातीत उगवतात.

म्हणून मुलांना तीन नियम द्या : जिथे गावकऱ्यांची गाडी जाते त्याच वाटेने जायचं, गावात शिरताना कोणाला तरी विचारायचं, आणि पुळणीवर चाक घालायचं नाही. शेवटच्या नियमात स्वार्थही आहे. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरती यायच्या आत बाहेर काढायला शेवटी तिथलेच मच्छीमार धावतात.

१०) वर्गात आणि घरी करायच्या कृती

१. घरातल्या किंवा शेजारच्या दुचाकीच्या टायरवरचे सगळे आकडे वहीत उतरवून त्यांचा अर्थ लिहा.
२. टायरचा व्यास, परीघ आणि एका किलोमीटरचे फेरे काढा. मग खडूची खूण करून, मोठ्या माणसाला गाडी ढकलायला लावून एका फेऱ्याचं अंतर टेपने मोजा. उत्तर जुळतं का? माणूस बसल्यावर थोडं कमी का येतं?
३. ताट आणि बांगडीची खड्ड्याची कृती घरी करून दाखवा.
४. आपल्या घरापासून गावापर्यंतचा नकाशा काढा. पेट्रोल पंप, दवाखाना, घाट, जेटी आणि बंदी असलेले रस्ते वेगळ्या रंगाने दाखवा.
५. त्या प्रवासाचं वेळापत्रक करा. अट एकच : सूर्यास्ताआधी दोन तास पोचायचं.
६. पाच जणांनी हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का शोधायचा, आणि सापडला नाही तर घरी सांगायचं.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, यासाठी साहित्य काहीच लागत नाही. टेप, खडू, एक ताट, एक बांगडी आणि शाळेच्या दारात उभी असलेली कोणाची तरी गाडी. मे महिन्याच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात आणि गणपतीच्या सुट्टीआधी हा उपक्रम घ्या, कारण त्याचा उपयोग लगेच त्याच आठवड्यात होतो. आणि पालकहो, निघण्याच्या आदल्या दिवशी मूल टायरसमोर उकिडवं बसून आकडे वाचू लागलं, तर “मध्ये येऊ नको” म्हणू नका. टॉर्च धरा आणि त्याला सगळे आकडे वाचू द्या.